चाच्याचा खजिना आणि आईची पाटली

माझ्या आईची सोन्याची पाटली मी डॉर्सेटच्या एका समुद्रकिनाऱ्यावर घालवली, हे दोन वर्षं माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ती परत मिळवण्यासाठी मला सहा सॉफ्टवेअर इंजिनिअर, दोन मेटल डिटेक्टर आणि एक मेलेला समुद्री चाचा एवढे सगळे कामाला लावावे लागले.

पाटली गेली गणपती विसर्जनात. आमचं मंडळ इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातलं, समुद्र दोन तासांवर. तो किनारा अध्यक्षांनी निवडला होता आणि निवडीचे निकष दोनच होते: मोठं कार पार्क आणि स्वच्छ टॉयलेट. अध्यक्ष मिल्टन कीन्सला राहतात. तिथल्या माणसाला देव दिसला तरी तो आधी गाडी कुठे लावायची ते बघेल. तर मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मूर्तीचा पाट धरला होता. हाताला मोदकांचं तूप, आणि पाणी इतकं गार की बोटं आखडून निम्मी झालेली. विड्याबरोबर दक्षिणा म्हणून माझ्या देव्हाऱ्यातल्या डबीतली एक शिवराई मी पाण्यात सोडली. शिवराई म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं. आमच्या माहेरी अशी दोन-चार झिजलेली नाणी होती, ती पूजेलाच वापरायचे. शिवराई मी हाताने सोडली. पाटली आपणहून सुटली, आणि ते मला घरी येऊन मोदकपात्र घासताना कळलं.

आईच्या पाटल्या दोन. ती गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी एकेक घेतली. माझ्या वाट्याची एका जागी चेपलेली होती, कारण मी नोकरीसाठी इंग्लंडला निघाले आहे असं सांगितलं तेव्हा आईने स्वयंपाकाच्या ओट्यावर हात आपटला होता. वाटणीच्या दिवशी ताई म्हणाली, ही तुझ्यामुळे चेपली, तूच घे. तेव्हा मला राग आला होता. नंतर मात्र मला त्या खळग्यावरून अंगठा फिरवायची सवय लागली. पाटली गेल्यावरही कितीतरी दिवस अंगठा मनगटावर जायचा आणि तिथे काही नसायचं.

खरं सांगायला हवं होतं, हे मला कळतं. मी सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, पाटली पुण्याला ताईच्या लॉकरमध्ये ठेवलीय. ताईला म्हटलं, इथे आपली घरं हेरून सोनं चोरतात, म्हणून घालत नाही, बँकेत ठेवलीय. दोन खंडांत दोन थापा, आणि दोन्ही बिनबोभाट चालल्या. मग मार्चमध्ये ताईचा फोन आला. भाचीचं लग्न डिसेंबरमध्ये ठरलं होतं.

"तुझी पाटली घेऊन ये," ती म्हणाली. "आईच्या दोन्ही पाटल्या एकदा पोरीच्या हातात दिसू देत."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

नेमकं याच सुमारास मंडळातल्या पुरुषांना खजिन्याचं वेड लागलं. त्या किनाऱ्यावरच्या गावात एक दंतकथा आहे. तीनेकशे वर्षांपूर्वी इथला एक चाचा अरबी समुद्रात गेला, सुरतेची जहाजं लुटली, सोन्यानाण्याने भरलेली पेटी घेऊन परत आला, ती इथेच कुठेतरी पुरली आणि जागा न सांगता मेला. गावाने ही कथा छान सांभाळली आहे. चाच्याच्या नावाचा पब आहे, चाच्याच्या नावाचं आइस्क्रीम आहे, आणि गिफ्ट शॉपमध्ये खजिन्याचा नकाशा मिळतो. हा नकाशा भांडी पुसायच्या टी टॉवेलवर छापलेला आहे. खजिना कुठे आहे ते गावाला नेमकं ठाऊक आहे, तो गिफ्ट शॉपच्या गल्ल्यात आहे. एवढी साधी गोष्ट न कळायला माणूस फार शिकलेला असावा लागतो, आणि आमचे पुरुष फारच शिकलेले आहेत.

अध्यक्षांनी तो टी टॉवेल विकत घेतला, त्याला इस्त्री केली, स्कॅन केला आणि सॅटेलाइट नकाशावर बसवला. कोपऱ्यात 'चाळीस डिग्रीला धुवा' असं लिहिलं होतं, तेवढा भाग स्कॅनमधून कापला. मग आमच्या घरी खजिना उपसमितीची पहिली बैठक झाली. मी बटाटेवडे तळत होते, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं. अध्यक्षांचा मुद्दा तात्त्विक होता. "दे लूटेड अस. हे सोनं आपलं आहे. वी आर जस्ट टेकिंग इट बॅक." सुरतेच्या व्यापाऱ्यांचं सोनं नागपूरच्या अध्यक्षांचं कधी झालं, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. शिवाय सुरत लुटण्यात आपले पूर्वजही काही मागे नव्हते. पण मी वडे वाढले.

उपसमितीने नियमावली केली. सापडेल ती वस्तू समितीच्या ताब्यात, निर्णय बहुमताने. कलम सात असं होतं की मालकीचा दावा करणाऱ्याने कागदोपत्री पुरावा द्यावा, नाहीतर दावा बाद. हे कलम इथल्या म्युझियमवाल्यांना उद्देशून होतं. इतकी वर्षं आपल्याकडच्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवून हे लोक आपल्याकडेच पुरावा मागतात, आता त्यांनी द्यावा, असं अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा नवराही वाजवत होता.

मी या वेडाला का अडवलं नाही, ते उघड आहे. ते खणणार होते ते आमच्याच विसर्जनाच्या किनाऱ्यावर, आणि त्यांच्याकडे यंत्र होतं. मी एकटी यंत्र घेऊन दोन तास गाडी चालवत तिथे गेले असते, तर घरी काय सांगणार होते? तेव्हा मी म्हटलं, मी पण येते, तुमच्या खाण्यापिण्याचं बघते. नवरा हरखला. बायकोला शेवटी आपल्या छंदात रस वाटू लागला, असं त्याने फोनवर आपल्या आईलाही सांगितलं.

परवानग्या काढल्या, मुहूर्त पाहिला, वाळूत नारळ फोडला. दर दुसऱ्या रविवारी आम्ही जायचो. ही माणसं पाच दिवस ऑफिसमध्ये जे करतात तेच सातव्या दिवशी वाळूत करत होती. आधी गोल उभं राहून स्टँड-अप: मागच्या वेळी काय केलं, आज काय करणार, अडचण काय. अडचण दर वेळी एकच असायची, की काही सापडत नाही. ती एक्सेलमध्ये ब्लॉकर म्हणून नोंदवली जायची. किनाऱ्याचे चौकोन पाडले होते, चौकोनांना नंबर होते, नंबरांना रंग होते. सुरुवात कुठून करायची यावर दोन तास चर्चा झाली. भरती-ओहोटी, जुने नकाशे, वाऱ्याची दिशा सगळं काढलं, आणि चाच्याने आपला खजिना कार पार्कपासून चालत तीन मिनिटांवर पुरला होता असा निष्कर्ष निघाला. विसर्जनाची जागाही तीच होती. मी देवाचे आभार मानले आणि थर्मास उघडला.

पहिल्या दोन रविवारी कोकच्या डब्यांच्या कड्या, तंबूचे खिळे आणि एक चमचा मिळाला. चमच्याचा फोटो ग्रुपवर तीन दिवस फिरत होता. तिसऱ्या रविवारी नवऱ्याच्या यंत्राने आवाज केला. त्याने खणलं, चिमटीत काहीतरी धरलं, पाण्यात धुतलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता. शिवराई होती. झिजलेली, एका कडेला चपटी. माझ्या डबीतली.

मग जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. डॉर्सेटच्या वाळूत देवनागरी अक्षरं. चाच्याने आपल्याकडची जहाजं लुटली याचा पुरावा. अध्यक्षांनी नाणं कपाळाला लावलं. एकाने घोषणा दिली. तिथे रोज कुत्रा फिरवायला येणारा एक म्हातारा इंग्रज थांबला, नाणं पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, दर सप्टेंबरला काही लोक इथे हत्ती बुडवायला येतात, त्यांचं असेल. तो पुढे गेल्यावर अध्यक्ष म्हणाले की स्थानिकांना हा खजिना बाहेरच्यांच्या हाती जायला नकोच आहे, त्यामुळे असं बोलणारच. मंडळाच्या सहाही जणांनी त्या हत्तीला स्वतःच्या खांद्यावरून नेलं होतं, तरी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण मग खणणंही थांबलं असतं. मला लाज वाटत होती, आणि तरी मी पुऱ्या वाढत राहिले. ऑफिसात मी टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधून काढायचा मला पगार मिळतो. ही एवढी मोठी चूक मी अडीच महिने आपल्या हाताने खाऊ घालून पोसली.

जुलैतल्या एका रविवारी, चांगली ओहोटी होती तेव्हा, अध्यक्षांच्या यंत्राने आवाज केला. लाटा अडवायला तिथे जाड लाकडी फळ्यांचा बांध रोवला आहे, त्याच्या बुडाशी, दगडगोट्यांच्या खालच्या चिकणमातीत. अध्यक्ष गुडघ्यावर बसले, कोपरापर्यंत हात घातला आणि काढला तेव्हा त्यांच्या बोटांत माझ्या आईची पाटली होती. सोन्याला काही झालेलं नव्हतं. चेपलेली बाजू मला दहा पावलांवरून दिसली.

"ती माझी आहे," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही, सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. मी पुन्हा मोठ्याने म्हटलं. तेव्हा नवरा वळला. "तुझी पुण्याला आहे ना? ताईंच्या लॉकरमध्ये?"

मी सगळं सांगितलं. विसर्जन, तूप, गार पाणी, थापा. बोलताना मला स्वतःचीच चीड येत होती. सहा जण हातात फावडी धरून ऐकत होते. माझं संपल्यावर अध्यक्षांनी घसा साफ केला.

"वहिनी, तुमच्या फीलिंग्ज आम्ही समजू शकतो. पण कलम सात आहे. काही डॉक्युमेंटरी प्रूफ? पावती? फोटो? इन्शुरन्स?"

मी म्हटलं, ती बघा चेपलेली आहे, आईने ओट्यावर हात आपटला होता. ते म्हणाले, तीनशे वर्षं गोट्यांत आपटल्यावर कुणीही चेपेल. लुटलेलं मूळ मालकाला परत द्या म्हणून हा माणूस मार्चपासून भाषणं करत होता. मालकीण समोर उभी राहिली तर तिच्याकडे पावती मागत होता. माझ्या हातात तेव्हा गरम चहाचा थर्मास होता, आणि तो मी कुणाच्या डोक्यात घातला नाही याचं मला आजही नवल वाटतं.

पुरावा एकच होता. जोडीतली दुसरी पाटली ताईकडे होती. तिने ती कॅमेऱ्यासमोर धरली की झालं. मी व्हिडिओ कॉल लावला. ट्रान्सपरन्सीसाठी स्पीकरवर ठेवा, असं अध्यक्ष म्हणाले. ताई दुपारची झोपून नुकतीच उठली होती. मागे सहा पुरुष, समुद्र आणि फावडी बघून ती घाबरलीच. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, एका दिवसात दुसऱ्यांदा. मग म्हटलं, "ताई, तुझी पाटली आण आणि जरा यांना दाखव."

ती जागची उठली नाही.

"माझी नाहीये गं," ती म्हणाली. "मी मोडली. तीन वर्षं झाली. पोरीला नव्या डिझाइनचा सेट हवा होता. तुझी आली की तिच्यावर बघून दुसरी करून घेणार होते. तुला कळलंही नसतं."

दोन वर्षं मी जिला फसवत होते ती मला तीन वर्षं फसवत होती. मला तिचा इतका राग आला की पाटली, अध्यक्ष, चाचा सगळं क्षणभर विसरले. आणि मला तिच्यावर ओरडण्याचा काडीचाही अधिकार नव्हता.

"म्हणजे प्रूफ नाही," अध्यक्ष म्हणाले.

तेव्हा मी शिवराईचंही सांगून टाकलं. ते नाणं मीच सोडलं होतं, तुम्ही खजिना नाही, मंडळाचं निर्माल्य खणताय, आणि मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मग अध्यक्षांनी सांगितलं की हा विषय आजच्या अजेंड्यावर नसल्यामुळे बैठकीच्या मिनिट्समध्ये घेता येणार नाही. मतदान झालं. पाटली चाच्याच्या लुटीतली मानून म्युझियमला दाखवावी, असं पाच जणांचं मत पडलं. विरोधात एकच हात वर झाला, तो माझ्या नवऱ्याचा होता. पाटली फ्रीझर बॅगेत सील होऊन मिल्टन कीन्सला गेली.

परतताना गाडी नवरा चालवत होता. घर अर्ध्या तासावर आलं तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मी पहिल्या दिवशी तिथेच खणलं असतं." त्याने माझ्यावर ओरडायला हवं होतं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि घर येईपर्यंत तसंच ठेवलं.

दहा दिवसांनी आम्ही सगळे म्युझियममध्ये गेलो. तिथल्या बाई पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. अध्यक्षांनी त्यांना वीस स्लाइड दाखवल्या. बाईंनी त्या सगळ्या सभ्यपणे पाहिल्या, मग पाटली भिंगाखाली धरली आणि मिनिटभरात सांगितलं की ही विसाव्या शतकातली आहे, फार तर साठ वर्षांची. नाणं जुनं आहे, पण तुमच्याकडे अशी ढिगाने मिळतात. मग त्यांनी विचारलं, ही कुणाची असेल याची काही कल्पना?

मी म्हटलं, माझ्या आईची आहे. त्यांनी विचारलं, इथे चेपली कशी? मी सांगितलं. त्यांनी पाटली पुसली आणि माझ्या हातात ठेवली. ना फॉर्म, ना सही.

अध्यक्ष म्हणाले, "बट देअर इज नो प्रूफ."

"ही ट्रेझर नाही," बाई त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "लॉस्ट प्रॉपर्टी आहे." आणि त्यांनी टेबलावरचे दिवे बंद केले. आमच्या वस्तू परत न करण्याबद्दल ज्यांना मंडळाने चार महिने शिव्या घातल्या, त्यांनी माझी वस्तू तीन मिनिटांत परत केली. अध्यक्ष माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. उपसमिती अजून आहे, फक्त आता ती दुसऱ्या किनाऱ्यावर जाते. तिथलं कार पार्क आणखी मोठं आहे.

डिसेंबरमध्ये लग्नाच्या आठवडाभर आधी मी पुण्याला पोचले. ताई विमानतळावर आली होती. भांडण करायचं मी विमानात आठ तास घोकलं होतं, पण ती समोर दिसल्यावर दोघीही नुसत्या रडलो. पाटली तिने आईच्या सराफाकडे नेली, तिच्यावर बघून दुसरी करायला. आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो, हातकाम मात्र अजून तेच करतात. लग्नाच्या आदल्या दिवशी तो स्वतः डबी घेऊन घरी आला. आत दोन पाटल्या होत्या, सारख्या वजनाच्या, सारख्या झळाळीच्या. मी एक उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला. दुसरी उचलली, फिरवला. काहीच लागलं नाही.

"त्यातली एक चेपलेली होती," सराफाचा मुलगा कौतुकाने म्हणाला. "बाबांनी घासूनपुसून सरळ करून दिली. त्याचे काही घेतले नाहीत, तुमच्या आईंची होती म्हणून."

त्याला पाणी दिलं, लाडू दिला. तो गेल्यावर ताई आणि मी त्या दोन पाटल्या उजेडात धरून बघत बसलो. दुसऱ्या दिवशी भाचीच्या दोन्ही हातांत दोन्ही दिसल्या, ताईला हवं होतं अगदी तसं. सगळ्या बायका म्हणाल्या, आजीच्या पाटल्या किती शोभतात. लग्न झाल्यावर एक ताईकडे राहिली, एक मी रीडिंगला आणली. कुठली कुठे गेली हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ताई फोनवर म्हणते, आईची तुझ्याकडेच गेली गं. मी म्हणते, नाही, तुझ्याकडे. आम्ही दोघी अजून खोटंच बोलतो.